काळा चर

वारलेल्या धाकट्या भावाच्या जुन्या मोटारीचं इंजिन पुतणीने दुरुस्तीला आणलं, तेव्हा मिस्त्रींना नाही म्हणवेना. याच इंजिनात पाणी शिरलं म्हणून, उघडूनही न बघता, त्यांनी धाकट्याला "तुला बोल्टही धड आवळता येत नाहीत" म्हणत वर्कशॉपमधून हाकललं होतं. अबोला मरेपर्यंत टिकला. आता त्यांनी इंजिनाचा लोखंडी ब्लॉक मशीनवर चढवून वरच्या सपाटीवर पहिला कट मारला. सगळं लोखंड चकाकलं, मधोमध अर्धगोल चर मात्र काळाच राहिला. मागच्या वेळी तासताना इथे कटर रुतला होता. पाणी इथूनच झिरपलं होतं. आणि तेव्हा हा ब्लॉक तासला होता त्यांनीच. "काका, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, बोल्ट मी नीटच आवळले होते. खरं का हो?" मिस्त्री म्हणाले, "गेलेल्याच्या चुका कशाला काढायच्या, बाळ?" पुतणीने मान खाली घातली. मिस्त्रींनी कटर आणखी खाली घेऊन चर तासून टाकला.