एकसारखं पळणं

"आज नाही हं चुकणार मी," प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसता बसता नर्सबाई म्हणाल्या. "घरी सराव केलाय. लेक मोबाईलवर चित्रण करायची आणि मी बोळात पळायची. शेजाऱ्यांना वाटलं, बाईचं काहीतरी बिनसलंय."

संशोधिका हसली आणि चमकत्या मण्यांचा डबा घेऊन त्यांच्या पायाशी बसली.

हे मणी ठरावीक हाडांवर चिकटवायचे, भोवतीच्या कॅमेऱ्यांनी ते टिपायचे आणि ट्रेडमिलवर पळताना गुडघा किती वळतो ते संगणकाने सांगायचं, असं काम. पण तोच माणूस पुन्हा पळाला की आकडाही तोच यायला हवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. नर्सबाईंचा येईना. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी भलताच. तेव्हा संशोधिका सगळ्यांदेखत वैतागली होती, "अहो ताई, साधं एकसारखं पळता येत नाही तुम्हाला?" विद्यार्थी फिदीफिदी हसले होते. नर्सबाईही हसल्या होत्या, पण कानापर्यंत लाल होऊन.

आता त्यांनी विजार वर सरकवली. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दोन गोल डाग उठले होते.

"चिकटपट्टी बाधते मला," त्या ओशाळून म्हणाल्या. "जातील ते. तुम्ही लावा खुशाल."

संशोधिकेचं बोट तिथेच थांबलं. एक डाग जुना, फिकट, बरोबर हाडाच्या उंचवट्यावर. दुसरा ताजा, चांगला बोटभर खाली. त्या दुसऱ्या दिवशी ती फोन कान आणि खांद्यामध्ये धरून मणी लावत होती.

नर्सबाई दोन्ही दिवस सारख्याच पळाल्या होत्या.

तिने मान वर केली. "ताई..." तिने सुरुवात केली.

"झालं का गं?" मागून सरांनी विचारलं. "सगळे खोळंबलेत."

"झालंच, सर." तिने हाड चाचपलं आणि मणी फिकट डागावर दाबला.

पट्टा फिरू लागला. ओठ आवळून, समोरच्या भिंतीवर नजर खिळवून, परीक्षेला बसल्यासारख्या नर्सबाई पळाल्या. पडद्यावर पहिल्या दिवसाच्या रेषेवर आजची रेषा अलगद जाऊन बसली.

"वा!" सर म्हणाले. "मनावर घेतलं की जमतं, बघा!"

विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. संशोधिकेनेही वाजवल्या.

घाम पुसत नर्सबाई खाली उतरल्या. तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही बोललात ना, फार लागलं होतं मला. पण बरं झालं बोललात. नाहीतर मी चुकीचं पळते, हे जन्मात कळलं नसतं."

संशोधिका मणी काढायला खाली वाकली. शेवटचा मणी निघाला, तरी ती तशीच वाकून राहिली.