बाईंचं नाव

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाल्या.

बस डेपोतल्या चाळीस मेकॅनिकांनी बाईंचं नाव, आडनावासकट, एका सुरात पुन्हा म्हटलं. मागच्या रांगेतल्या दोघांनी नुसतेच ओठ हलवले. बाईंनी त्यांना पुढे बोलावून एकेकट्याकडून म्हणवून घेतलं. पस्तीस वर्षं शाळेत मुरलेली सवय, ती काय निवडणुकीला उभं राहिल्यावर जाते?

अडचणच तशी होती. सगळा मतदारसंघ त्यांना नुसतं 'बाई' म्हणून ओळखायचा. निम्म्यांना त्यांनी बाराखडी शिकवली होती, उरलेल्यांच्या मुलांना पाढे. पण मतपत्रिकेवर 'बाई' लिहून चालत नाही. तिथे नाव लागतं, आणि ते धड कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आणि वहिनी, चिन्हाच्या नादी लागू नका," त्यांचे दीर म्हणाले होते. "छत्री मिळालीय आपल्याला. लोक खरी छत्री बसमध्ये विसरून येतात, चित्रातली काय लक्षात ठेवणार? नाव पाठ करून घ्या."

दिरांचा जन्म टपालखात्यात पत्ते वाचण्यात गेला होता, त्यामुळे नावावर त्यांचा फार भरवसा. त्यांनी भिंतीभिंतीवर हातभर उंचीचं नाव रंगवून घेतलं. छत्री कोपऱ्यात, बटणाएवढी.

बाईंना राजकारणात काडीचा रस नव्हता. पण मंत्र्यांनी पटसंख्येचं कारण दाखवून बावीस शाळा बंद करायला काढल्या होत्या, आणि बाईंच्या शाळेला तर कुलूप लागलंही होतं. ते कुलूप काढायचं, एवढ्यासाठीच त्या मंत्र्यांविरुद्ध अपक्ष उभ्या होत्या.

उमेदवारांची शेवटची यादी लागली तेव्हा दिरांचा चेहरा उतरला. बाईंच्या नावाच्या वरच आणखी एक अपक्ष होती. नाव तेच, आडनावही तेच.

"मंत्र्यांचा डाव," दीर म्हणाले. "तुमची मतं फोडायला उभी केलीय."

बाई तिला भेटायला गेल्या. गल्लीच्या तोंडाशी टपरी होती, आत टेबल, आणि टेबलामागे बाईंची जुनी विद्यार्थिनी कुणाच्या तरी शर्टाची कॉलर दाबत होती. शाळेत असताना नुसतं नाव सारखं होतं. आडनाव लग्नानंतर जुळलं.

तिने इस्त्री उभी केली आणि पदराला हात पुसले.

"बाई, साहेबांचा माणूस आला, सही कर म्हणाला. नाही म्हटलं असतं तर टपरी उचलली असती. मला कुठे यातलं कळतंय?"

"चिन्ह काय घेतलंस?"

"यादीत इस्त्री दिसली, तीच मागितली. दुसरं काय ओळखीचं होतं?" ती ओशाळून हसली. "मी कुणाच्या दारात जाणार नाही, बाई. माझं मतसुद्धा तुम्हालाच."

बाईंना ती शेवटच्या बाकावर दिसली. 'अगं, माझं नाव लावतेस आणि साधी बेरीज येत नाही? कधी नाव काढणार माझं?' असं त्या तिला सगळ्या वर्गासमोर म्हणायच्या. पाचवीत तिची शाळा सुटली. बाई तिला परत आणायला घरी जाणार होत्या, ते राहून गेलं. ते त्यांना आज पहिल्यांदाच टोचलं.

"तुझा काही दोष नाही," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांना मनापासून वाटत होतं.

"ती काही करणार नाही, भाऊजी," घरी येऊन त्यांनी दिरांना सांगितलं. "आपण आपलं नाव घोटून घेऊ."

उरलेले दिवस त्यांनी जिवाचं रान केलं. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, कारखान्याच्या फाटकावर, जिथे चार माणसं दिसतील तिथे वर्ग भरला. शेवटी शेवटी तर रस्त्यावरची पोरं त्यांना पाहून नाव ओरडायची.

मोजणीच्या दिवशी दीर प्रतिनिधी म्हणून आत बसले. फोन दारातच काढून घेतले होते. बाहेरच्या अंगणात भोंगा प्रत्येक फेरीला फक्त पहिल्या दोघांची नावं सांगत होता. कधी मंत्री पुढे, कधी बाईंचं नाव पुढे. बाईंनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

चार वाजता निवडणूक अधिकारी माईक घेऊन पायरीवर आले. मंत्री दोनशे अकरा मतांनी पडले होते. अधिकाऱ्यांनी विजयी उमेदवाराचं नाव वाचलं आणि डेपोच्या मंडळींनी ते, कुणी न सांगता, एका सुरात पुन्हा म्हटलं. बाईंचे डोळे भरून आले. कुलूप निघणार होतं.

दीर दारातून बाहेर आले आणि मान खाली घालून उभे राहिले. दमले असतील बिचारे, बाईंना वाटलं.

"अपक्ष," अधिकारी पुढे वाचत होते. "चिन्ह..." भोंगा खरखरला. "...त्री."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण अर्धवट शब्द बाईंना कधीच खपला नव्हता. त्या हसत हसत पायरीशी गेल्या.

"नीट ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणा."

अधिकारीही कधीकाळी त्यांच्याच वर्गात बसलेले. त्यांनी हातातला कागद खाली केला.

"इस्त्री, बाई," ते म्हणाले.