दारामागची खुंटी

दातांच्या डॉक्टरांना गोष्ट लिहायची होती, तीही मित्रांबरोबर पात्रं बनून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममधल्या काळदुर्ग राज्यावर. तिथली एक रीत जरी चुकली तरी मित्र सोलून काढतील, म्हणून ते भरदुपारी येरझारा घालत घोकत होते, "काळदुर्गात शिरताना पाहुणा आपली सावली दाराबाहेर ठेवतो."

"बाहेर नाही हो जावईबापू," सकाळीच आलेल्या सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "दारामागच्या खुंटीला अडकवतात. बाहेर ठेवली तर कुत्री ओढून नेतात."

डॉक्टरांनी गेमच्या नियमांचं पुस्तक उघडलं. खुंटीच होती. कुत्रीसुद्धा होती.

"तुम्ही कधी वाचलंत हे?"

"त्यात वाचायचं काय? आमच्या माहेरची रीत आहे ती."

सासूबाई उठल्या. दारामागून काहीतरी काळं काढून त्यांनी झटकलं आणि चपला घालाव्यात तसं पायांत सरकवलं.

"निघते मी. तुमची फार मळली होती, भिजत घातलीय."

डॉक्टर खो खो हसले. मग त्यांनी खाली पाहिलं. उन्हात खुर्चीची सावली होती, टोपलीची होती, मटारच्या एकेका शेंगेची होती. ते उभे होते तिथे मात्र लख्ख ऊन होतं.

आणि बाथरूममधल्या बादलीत कुणीतरी अगदी त्यांच्यासारखंच खोकलं.