ओटा असलेली खोली

सहल ठरली की हॉटेल शोधताना मुलाची एकच अट असायची, खोलीत ओटा आणि शेगडी हवीच. "बाबांना बाहेरचं सोसत नाही गं आई, आणि तू आहेसच की!" मग समुद्रावर जा नाहीतर डोंगरावर, आईच्या डोळ्यांसमोर आपली कढईच.

यंदा बुकिंग तिने स्वतःच्या हातात घेतलं. खोलीतला चकचकीत ओटा आणि नवीकोरी शेगडी बघून बापलेक जाम खूश झाले. "वा! आता मस्तपैकी चहा टाक," म्हणत नवऱ्याने पलंगावर ताणून दिली.

तिने आपली बॅग उचलली आणि दार उघडलं.

"ही खोली तुम्हा दोघांची. माझी वरच्या मजल्यावर आहे, बिनओट्याची. चहा झाला की आणून द्या, मी गॅलरीत समुद्र बघत बसते."