दहापैकी दोन

निवृत्त झालेले चित्रकलेचे गुरव सर सकाळपासून चौथ्यांदा उठले, पेन्सिलीला टोक काढून पुन्हा रिकाम्या कपासमोर येऊन बसले. रोज चहा झाला की त्याच कपाचं एक चित्र काढायचं, असं ठरवून महिना होत आला होता. पण तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला हात तो! चित्र संपतंय न संपतंय तोच लाल पेन्सिलीने कोपऱ्यात गुण टाकून मोकळा व्हायचा. दहापैकी चार. दहापैकी तीन. मग दिवसभर सरांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

आजही कपाच्या दोन्ही बाजू सारख्या याव्यात म्हणून त्यांनी मध्यरेषा आखली, खोडली; पुन्हा आखली, पुन्हा खोडली. कागदाला भोक पडायची वेळ आली.

"आटपा हो, तेवढा कप घासला की मी सुटले," म्हणत बायकोने हात पुढे केला.

"थांब गं!" सर खेकसले आणि मध्यरेषेशिवायच त्यांनी घाईघाईने कप कागदावर उतरवला. तोंड वाकडं, कानाचा टवका उडालेला. गुण दिले दोन, तेही जिवावर येऊन.

रोज लांबूनच "छान" म्हणणारी बायको वहीवर वाकली. "अगंबाई, हा तर आपला कप! इतके दिवस कुणाचे काढत होतात?" ओले हात पदराला पुसत ती समोर टेकलीच.

"अशीच बस. हलू नकोस."

कागदावर तिचा चेहरा वाकडातिकडा उतरला. सरांनी लाल पेन्सिल उचलली, सवयीने कोपऱ्यापर्यंत नेली, मागे आणली आणि चित्रातल्या कपाळावर तिचं कुंकू रेखलं.