घरी जायची मुभा

“ते वाक्य काढा,” माहिती खात्याचे अधिकारी पुन्हा म्हणाले. “देश लढतोय आणि तुमचा राजा ऐन लढाईच्या तोंडावर सैन्याला घरी जायला सांगतोय! लोकांना धीर द्यायला सिनेमा काढतोय आपण, की पळवाट दाखवायला?”

दिग्दर्शकाने पटकथेतलं ते वाक्य खोडलं आणि महाराजांकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्या नटाला सगळे महाराजच म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या गाजलेल्या ज्या ऐतिहासिक नाटकावरून हा सिनेमा निघत होता, त्यात उभा जन्म त्यांनी राजाच केला होता. बायकोसुद्धा बाजाराला धाडताना म्हणायची, “महाराज, पिशवी विसरू नका.”

“काढलं म्हणजे काढलं,” महाराज म्हणाले. त्यांच्या जिवावर आलं होतं, पण साहेबांचंही काही चुकत नव्हतं. शहरांवर बॉम्ब पडत होते. लोक धास्तावले होते.

स्टुडिओमागच्या मैदानात सैन्य उभं होतं. भाले लाकडी, चिलखतं पुठ्ठ्याची, पण शिपाई खरे. सक्तीच्या भरतीत आलेले, छावणीतून चित्रीकरणापुरते मागून आणलेले. उद्या त्यांची गाडी आघाडीवर निघणार होती. सकाळपासून त्यांचा जयजयकार काही जमत नव्हता. सांगितलं की ओरडायचे, पण आवाजात जीव नव्हता.

कॅमेरा सुरू झाला. घोड्यावरून महाराज बोलू लागले. एकामागून एक वाक्यं येत गेली, आणि इतक्या वर्षांची सवय लागलेली जीभ थांबायचं तिथे थांबलीच नाही.

“ज्याचं मन घरात अडकलंय, त्याने आत्ताच परत जावं. मी त्याला भेकड म्हणणार नाही, कुणाला म्हणू देणार नाही.”

चूक लक्षात आली तोवर उशीर झाला होता. पुढच्या रांगेतल्या एका तिशीतल्या शिपायाने भाला जमिनीवर ठेवला आणि तो फाटकाकडे चालू लागला.

आधी कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. तो गडी थट्टा करत नव्हता.

“अडवा त्याला!” अधिकारी ओरडले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने बंदूक आडवी धरली.

‘माफ करा, चुकून बोलून गेलो,’ एवढं म्हटलं असतं तरी सगळं निस्तरलं असतं. महाराजांनी त्या माणसाकडे पाहिलं. चिलखताच्या पट्ट्यांखाली त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. जन्मभर महाराज ही मुभा देत आले होते. आजवर एकानेही ती घेतली नव्हती.

“वाट सोडा त्याची!” त्यांचा आवाज मैदानभर घुमला. “राजाने शब्द दिलाय.”

पहारेकरी गोंधळला आणि बाजूला झाला. दिग्दर्शकाने कॅमेरामनचा खांदा दाबला. चालू ठेव.

तो माणूस फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. समोर बस येऊन थांबली. दोन बायका उतरल्या, त्याच्या चिलखताकडे बघत पुढे गेल्या. कंडक्टरने त्याला हाक मारली, वाट पाहिली, घंटी दिली. बस निघून गेली तरी तो तिथेच होता. हाताने तोंड पुसून तो वळला, सावकाश आत आला आणि आपल्या जागी जाऊन त्याने भाला उचलला.

दिग्दर्शकाने खूण करायच्या आधीच सगळं मैदान गर्जून उठलं.

अधिकारी धावतच त्याच्यापाशी पोचले.

“अरे, घरी जायचंच नव्हतं, तर निघालास कशाला?”

“जायचं होतं, साहेब,” तो म्हणाला. “पण उद्या मला आघाडीवर नेणार होते. आता मी जाणार आहे.”