दुखण्याचे सहा चेहरे

तक्त्यावर सहा चेहरे होते. पहिला हसरा, शेवटचा रडका, मधले चार हळूहळू उतरत गेलेले. खाली आकडे: शून्य, दोन, चार, सहा, आठ, दहा. गंगाने दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“दोन,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे विशेष काही नाही. गोळी लिहितो, घरी जा.” देवळीतल्या त्यांच्या दवाखान्यात बाहेरची बाकं भरलेली होती.

गंगाची आई मनकर्णाबाई उठली नाही. “साहेब, हाडाईत कोनी घन मारून राह्यलं म्हनते पोरगी. घन थांबला का करवत चालते.”

“मावशी, कविता नको. आकडा आला ना? इथं सायन्स चालतं.”

रिपोर्ट द्यायला आलेली वर्षाली दारातच थांबली. बी.एस्सी. करून ती इथल्या लॅबमध्ये लागली होती. हे वाक्य ती रोज ऐकत होती. आज तिचे कान तापले.

“सर, मधुमेह हा शब्द कोणत्या मशीननं दिला?”

“काय?”

“मशीन नव्हतंच तेव्हा. लघवीला मुंग्या लागतात हे कुणीतरी पाहिलं, सांगितलं, आणि वैद्यानं ऐकून घेतलं. अर्धं डोकं दुखतं म्हणून अर्धशिशी. बोलणं ऐकतच आपलं सायन्स इथवर आलं. आणि तुम्ही बोलणाऱ्यालाच गप्प करता?”

“तू मराठीची मॅडम कधी झालीस गं?” डॉक्टर हसले.

वर्षाली गंगाकडे वळली. “हाच चेहरा काऊन दाखवला वं?”

गंगाने ओठ दातांखालून सोडवला. “मी रडून नाई राह्यली ना, ताई. रडका दाखवला असता तं खोटं झालं असतं.”

“रडतच नाई ते,” मनकर्णाबाई म्हणाली. “रडलं का दम लागते तिले.”

डॉक्टरांचं पेन थांबलं.

“दम लागतो, म्हणजे रक्तच कमी असेल. मी तपासते,” वर्षाली म्हणाली. “हिमोग्लोबिन दहाच्या वर आलं, तर उद्यापासून मी येत नाही. सातच्या खाली आलं, तर तुम्ही आत्ताच्या आत्ता अँब्युलन्स बोलवायची. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला.”

“आण आकडा.”

सुई शिरली तेव्हा गंगा हलली नाही. वर्षालीने नळी मशीनला लावली. डॉक्टर तिच्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर आकडा उमटला.

३.८.